सामाईक ड्रम सेट

वेल्समधल्या न्यूपोर्टहून कार्डिफला रेल्वेनं पंधरा मिनिटं लागतात. कार्डिफहून न्यूपोर्टला यायला मेलेरी ग्विनला नऊ वर्षं लागली.

हा नऊचा आकडा लोरेन पास्कच्या तोंडी सारखा असायचा, कारण दर जानेवारीत मेलेरीला पत्र लिहिण्याचं काम तिचं. कार्डिफमध्ये एप्रिलात गाण्याबजावण्याचा मोठा आठवडा होतो. त्यात कुठला बँड कुठल्या हॉलमध्ये किती वाजता वाजवणार, हे मेलेरी ठरवते. लोरेन लिहायची, बाई, एकदा येऊन आमचे बँड ऐका आणि आम्हाला एक दुपार द्या. मेलेरीचं उत्तर तासाभरात यायचं, गोड असायचं आणि त्यात ‘या वर्षी नक्की’ असायचं. मग तिला सर्दी व्हायची. आईचा वाढदिवस निघायचा. एकदा तर म्हणे रस्त्याचं काम चालू होतं, आणि ही बाई येणार होती रेल्वेनं. लोरेन दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. दाढ काढायला न येणाऱ्यांची कारणं ती अठरा वर्षं ऐकत आली होती. मेलेरीची कारणं त्याच जातीची होती.

मागणी काही फार मोठी नव्हती. एक दुपार, एक हॉल, न्यूपोर्टचे चार बँड, आणि आवाज पूर्ण मोठा. शेवटची अट लोरेनच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची. न्यूपोर्टमध्ये हळू कुणी वाजवत नाही. ज्यांचे बाप पोलादाच्या कारखान्यात बहिरे झाले, त्यांच्या पोरांनी मोठ्यानं वाजवायचं नाही तर कुणी? लोरेन स्वतः ड्रमर. ‘सेकंड शिफ्ट’ हा तिचा बँड कारखान्यातल्या दुसऱ्या पाळीच्या तिघांनी एकोणतीस वर्षांपूर्वी काढला होता. गाणारा आणि गिटार वाजवणारा टेरी हावेल्स, बेस वाजवणारा नेव्ह, आणि मागे लोरेन. पुढे पाळी गेली, कारखाना अर्धा झाला, टेरी शाळेची बस चालवायला लागला, पण बँड मात्र टिकला. त्या काळी लंडनहून साहेबलोक गाडीत बसून न्यूपोर्टला बँड शोधायला यायचे. एक साहेब ‘सेकंड शिफ्ट’ ऐकायलाही आला होता आणि दुसऱ्या गाण्यानंतर बाहेर फोन करायला गेला तो गेलाच. लोरेन आता बावन्न वर्षांची होती. आपला आवाज कार्डिफच्या लोकांनी एकदा उभं राहून ऐकावा, त्यांच्या पोटात तो धक्का बसावा, एवढंच तिला हवं होतं. आणि ते मिळत नव्हतं म्हणून ती वर्षानुवर्षं चिडलेली होती.

त्या नोव्हेंबरात मेलेरीनं आपण होऊन लिहिलं. कार्डिफमध्ये शनिवारी रग्बीचा मोठा सामना होता. मेलेरीची गल्ली गाड्यांना बंद, दुपारपासून बेवडे तिच्या कुंपणाला टेकून उभे राहणार, घरात बसवत नाही. तर शनिवारी मी न्यूपोर्टला येते, काही ऐकवता का? म्हणजे गाण्यासाठी नव्हे, गर्दी चुकवायला येत होती. टेरी म्हणाला, अगं येतेय ना, कशाला का येईना. लोरेनलाही ते पटलं.

हातात नऊ दिवस होते. चेपस्टो रस्त्यावरच्या कामगार क्लबाची वरची खोली एक ते चार मोकळी होती. चारला तिथे म्हाताऱ्यांचा बिंगो, म्हणजे आकड्यांची हाऊझी, असतो. क्लबाचा कारभारी रॉनी यानं हे लोरेनला तीनदा सांगितलं.

“चारला म्हणजे चारला, पोरी. चार वाजून एक मिनिटानं खुद्द राजा आला तरी त्यानं नंबरांचा कागद घेऊन गप बसायचं.”

लोरेननं सगळ्यांना निरोप पाठवला. चार बँड, प्रत्येकाला पंचवीस मिनिटं, पहिला दीडला, शेवटचा ‘सेकंड शिफ्ट’ सव्वातीनच्या सुमाराला. खाली लिहिलं, ड्रम सेट सामाईक. स्नेअर, झांजा आणि पायाचं पेडल ज्याचं त्यानं आणावं.

ही तिकडच्या बँडांची जुनी रीत आहे. चार बँड असले की चार सेट जिन्यावरून चढवत कुणी बसत नाही. मोठा ढोल, बाजूचे ढोल, स्टँड एकाचे, आणि स्नेअर म्हणजे समोरचा छोटा कडक ढोल, झांजा असं फुटणारं-तुटणारं सामान ज्याचं त्याचं. कुणाचा सेट, हे निरोपात लिहायचं असतं. लोरेननं ते लिहिलं नव्हतं.

शनिवारी पाऊण वाजता ती वर पोहोचली तेव्हा स्पीकर लागले होते आणि नेव्ह कोपऱ्यात वायरी सोडवत होता. पहिल्या बँडचा यूसुफ आला, खांद्यावर स्नेअरची गोल काळी पिशवी आणि झांजांची चपटी पिशवी. यूसुफ सालेह पिल वस्तीतला, बस डेपोत मेकॅनिक, न्यूपोर्टमधला सध्याचा सगळ्यात चांगला ड्रमर. लोरेनही हे कबूल करायची, कुणी ऐकत नसेल तेव्हा. त्याच्या मागून दुसऱ्या बँडचा ड्रमर, गोल पिशवी, चपटी पिशवी. मग तिसऱ्या बँडची मुलगी, गोल पिशवी, चपटी पिशवी. चौघांनी आपापल्या पिशव्या भिंतीशी ओळीनं ठेवल्या आणि रिकाम्या स्टेजकडे बघितलं.

“सेट कुठाय?” यूसुफनं विचारलं.

“तूच आणणार होतास ना?”

“मी? कधी म्हटलं? तू सगळं ठरवलंस, मला वाटलं तुझाच.”

दुसऱ्याला वाटलं होतं यूसुफचा, कारण त्याच्याकडे व्हॅन. तिसरीला काहीच वाटलं नव्हतं, तिला म्हणे अशा गोष्टी कुणी विचारतच नाही. लोरेननं तर व्हॅनमुळे यूसुफच आणणार हे मनाशी पक्कं धरलं होतं आणि त्याला विचारायचं राहून गेलं होतं. खोलीत चार स्नेअर होते, चार पेडलं होती, अकरा झांजा होत्या, आणि पेडल मारायला ढोल नाही की झांज लटकवायला एक स्टँड नाही. सगळ्यांनी सांगितलेलं तंतोतंत केलं होतं. कुणाला शिव्या द्याव्यात तर जागा फक्त एकच होती, आणि ती लोरेनची स्वतःची होती. तिनं डोक्याला हात लावला.

आता न्यूपोर्टमधले सगळे मोठ्या आवाजाचे ड्रम सेट एकाच ठिकाणी राहतात. गावाबाहेर टायरवाल्याच्या मागे एक लोखंडी शटरचं गोदाम आहे. तिथे तक्रार करायला शेजारी नाही म्हणून सगळे बँड सराव तिथेच करतात. सगळ्यांना माहीत असलेल्या चाव्या दोन. एक टायरवाल्याकडे, दुसरी शेवटी सराव केलेल्याकडे. लोरेननं फोन सुरू केले. शेवटचा सराव गुरुवारी, डॅरेलच्या बँडचा. डॅरेलनं सातव्या घंटीला फोन उचलला. मागे शंभरेक माणसं गात होती.

चावी? आहे की, तो म्हणाला, माझ्या जाकिटात. आणि तू कुठायस, लोरेननं विचारलं. मी कार्डिफला, सामन्याला. नाही गं, आता नाही निघता येणार, तिकीट किती महिने आधी काढलंय.

म्हणजे कार्डिफची बाई न्यूपोर्टला यायला निघाली होती आणि न्यूपोर्टची चावी कार्डिफला जाऊन बसली होती. लोरेननं फोन ठेवला आणि एक खुर्ची लाथेनं सरकवली. टायरवाल्याचा फोन बंद होता, तोही सामन्यालाच. प्रार्थनाघराच्या पाद्र्याकडे एक सेट होता, तर पाद्री लग्न लावत होता. वाद्यांचं दुकान होतं त्या जागी चार वर्षांपासून ई-सिगरेटी मिळतात. एक वाजून दहा मिनिटांनी टेरीला आठवलं की टायरवाल्याच्या बायकोकडे तिसरी चावी असते, आणि ती शनिवारी दुपारी मेन्डी भागातल्या पार्लरात केस रंगवायला जाते. हे तुला कसं माहीत, असं विचारायला लोरेनला वेळ नव्हता. तिनं यूसुफच्या व्हॅनची किल्ली टेरीच्या हातात कोंबली आणि त्याला नेव्हसकट जिन्यावरून जवळजवळ ढकललं.

मेलेरी बरोबर एक वाजून पंचवीस मिनिटांनी आली. पिवळा रेनकोट, ओले केस, आणि चेहऱ्यावर इतका खरा आनंद की लोरेनला तिचा राग करायलाही अवघड गेलं. किती छान खोली, ती म्हणाली. किती खरं वाटतंय इथे. खाली दाराशी रॉनीनं तिला सोडतीचं तिकीट विकलं होतं, बक्षीस मटणाचं. ते तिनं कौतुकानं हातात धरलं होतं.

“तुम्हीच लोरेन ना? आपण इतकी वर्षं लिहितोय एकमेकींना.”

लोरेनच्या जिभेवर आलं होतं की लिहितेय मी, तुम्ही फक्त उत्तर देता. तिनं ते गिळलं आणि पहिल्या बँडला जरा उशीर होतोय असं सांगितलं. मेलेरी म्हणाली, मला चार दहाची गाडी आहे, सामना संपायच्या आत घरी पोहोचलं पाहिजे.

टेरीचा फोन आला. टायरवाल्याची बायको सापडली होती. डोक्याला चांदीचे कागद गुंडाळून बसली होती. चावी घरी आहे, म्हणते, पण केसांना अजून चाळीस मिनिटं आहेत. तिला असंच घेऊन ये, लोरेन म्हणाली. टेरीनं आवाज खाली केला. “विचारलं मी. ती म्हणते, तू तुझं डोकं निळं करून गावातून फिरशील का? मी इथे मासिक वाचत बसलोय, लो. मला चहा दिलाय.”

दीड वाजला. लोरेन म्हणत होती थांबू. यूसुफ म्हणाला, थांबून काय होणार, घड्याळ थांबतंय का? त्यानं बारमधून बटाट्याच्या वेफर्सच्या पाकिटांचा भलामोठा खोका मागून आणला. भरलेलाच, कारण रिकामा जास्त बडबडतो म्हणे. तो आडवा करून त्याला पेडल लावलं. स्नेअर बारच्या स्टुलावर ठेवला आणि झांजेऐवजी रॉनीचा पितळी ट्रे घेतला. पाय मारला की खोक्यातून धप् असा मऊ, दबका आवाज यायचा. लोरेनच्या अंगाचा तिळपापड होत होता.

यूसुफच्या बँडमध्ये गाते केली-ॲन. दिवसा ती लहान मुलांना पोहायला शिकवते, म्हणून ओरडायची तिला सवय आहे. रोज ती यूसुफच्या ढोलांच्या वर पोहोचायला बेंबीच्या देठापासून गायची. आज वर पोहोचायला काही नव्हतंच. तिनं पहिली ओळ म्हटली, स्वतःचा आवाज ऐकून दचकली, आणि मग हळू झाली. खोली शांत झाली. खालच्या स्नूकरच्या चेंडूंचा टक टक आवाज वर ऐकू यायला लागला. गाणं तिच्या वडिलांवर होतं. हे लोरेनला तीन वर्षांत पहिल्यांदाच कळलं.

चांगलं झालं, हे तिला नाकारता येईना, आणि त्यानं ती आणखीच चिडली. चांगलं व्हायचं तर हे असं व्हायला नको होतं. मेलेरीनं फोन काढून चित्रण सुरू केलं होतं आणि तिचे डोळे भरले होते.

दुसऱ्या बँडची पोरं एरवी इतकी जोरात वाजवतात की मागच्या वर्षी क्लबाच्या छताचा एक तुकडा खाली आला होता. त्यांनी खोका बघितला आणि एकमेकांकडे बघितलं. त्यांच्यातला जो किंचाळतो, रोरी नावाचा लांब केसांचा पोरगा, त्याला खोक्याच्या धपधपीवर किंचाळायची लाज वाटली. म्हणून त्यानं आपली गाणी बसून, जवळजवळ बोलत म्हटली. त्यातली दोन त्याच्या आजीवर निघाली. तिसऱ्या बँडच्या मुलीनं तर खोका नकोच म्हटलं, टाळ्यांवरच भागवलं. मधे सोडत निघाली. मटणाच्या चॉप्सचा अख्खा ट्रे मेलेरीला लागला आणि ती म्हणाली, अरे देवा, मी मांस खात नाही. तो ट्रे तिनं केली-ॲनला दिला आणि सगळे हसले. सगळे मजेत होते. लोरेन दाराशी उभी राहून दर दोन मिनिटांनी जिन्यात वाकून बघत होती.

तीन वाजून अठरा मिनिटांनी टेरी आला. पुढे मोठा ढोल छातीशी धरलेला, मागे नेव्ह दोन्ही हातांत स्टँडचे जुडगे घेऊन. नेव्ह कधी बोलत नाही, तो म्हणाला, “तिचे केस छान झालेत.” लोरेननं सेट सहा मिनिटांत उभा केला. तिच्या हातांना ते डोळे मिटूनही येतं. ढोल, पाय, स्टँड, झांजा, खिट्ट्या. बसून तिनं एकदा पाय मारला आणि खिडकीची काच हलली. तिला इतकं बरं वाटलं की दुपारपासून पहिल्यांदा ती हसली.

“आता ऐकवते हिला,” ती टेरीला म्हणाली.

‘सेकंड शिफ्ट’ त्या दिवशी जसा वाजला तसा गेल्या दहा वर्षांत वाजला नव्हता. नऊ वर्षांच्या पत्रांचा, दुपारभर गिळलेल्या शब्दांचा सगळा राग लोरेननं काढला, आणि राग काढताना ती ठोका सोडत नाही, हीच तिची खुबी. टेरीची मान लाल झाली. बिंगोच्या म्हाताऱ्या लवकर येऊन आपल्या टेबलांवर बसल्या होत्या, त्या कागदांवर पेनं आपटत ताल धरत होत्या. एक तर उठून नाचायला लागली. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर लोरेननं झांजांच्या वरून समोर बघितलं. पिवळा रेनकोट खुर्चीवर नव्हता.

मेलेरी जिन्यात होती. शेवटच्या गाण्याला ती परत आली, एका कानावर हात ठेवून, आणि दारातच उभी राहिली. गाणं संपल्यावर तिनं मनापासून टाळ्या वाजवल्या. चारला आठ मिनिटं होती. रॉनीनं आकड्यांच्या चेंडूंचं यंत्र आणून स्टेजच्या कडेला ठेवलं. मेलेरीनं लोरेनला खुणेनं बाहेर बोलावलं.

जिन्याच्या खाली, कोटांच्या खुंट्यांपाशी दोघी उभ्या राहिल्या. लोरेन बाहीनं डोळ्यांत जाणारा घाम पुसत होती.

“मी द्यायला तयार आहे,” मेलेरी म्हणाली. “एप्रिलमधला दुसरा शनिवार, दुपारी दोन ते चार. पूर्वी प्रार्थनाघर होतं तो हॉल. सुंदर आहे, लाकडी. आणि यादीत वर न्यूपोर्टचं नाव.”

नऊ वर्षं लोरेन याच वाक्याची वाट बघत होती.

“फक्त,” मेलेरी म्हणाली, “आज पहिले तिघं जसे वाजले, तसंच. तो खोका, त्या टाळ्या. ते मी कुठेच ऐकलं नव्हतं. आम्हाला वाटतं न्यूपोर्ट म्हणजे नुसता गोंगाट. आणि आज कळलं, त्याच्या खाली काय आहे ते. म्हणून ड्रम सेट नको. त्या हॉलमध्ये चालतही नाही म्हणा.”

“आमच्याकडे सेट नव्हता म्हणून खोका आणला,” लोरेन म्हणाली. “चावी कार्डिफला होती.”

“हो का? मग नशीबच.”

“आणि आत्ता आम्ही वाजवलं ते?”

मेलेरीनं शब्द शोधले. ती वाईट बाई नव्हती, तिला दुखवायचं नव्हतं. “त्यात खूप ताकद आहे,” ती म्हणाली. “पण तसं पुष्कळ जण करतात ना. तुमचे गायक दोन गाणी एकटे म्हणू शकतील, गिटारवर. त्यांचा आवाज छान आहे.” मग तिनं घड्याळ बघितलं. कार्यक्रमांची यादी सोमवारी छापायला जाणार होती, तिला आत्ताच काय ते कळायला हवं होतं.

लोरेन म्हणाली, सगळ्यांना विचारून येते. जिना चढताना तिला वाटत होतं की मी विचारायला नाही, सांगायला चाललेय. हे ऐकून वर भडका उडणार. ढोल सोडून या म्हणे. पाहुण्यांच्या घरी चपला बाहेर काढा तसे ढोल बाहेर काढा. यूसुफ तर उडेलच, ड्रमर आहे तो. रोरी आणि त्याची पोरं कार्डिफला शिव्या घालतील. टेरी ‘लोशिवाय मी एक सूर लावणार नाही’ म्हणेल, कारण एकोणतीस वर्षं तो हेच म्हणत आलाय. मग ती खाली जाऊन या बाईला नाही म्हणेल, आणि त्या ‘नाही’मध्ये नऊ वर्षं भरलेली असतील.

वर बिंगोसाठी खुर्च्या सरकवत होते. सगळे बँड स्टेजच्या कोपऱ्यात वायरी गुंडाळत होते. लोरेननं सांगितलं. जितकं अपमानाचं करून सांगता येईल तितकं करून सांगितलं. ड्रम नकोत म्हणे. तो खोका आवडला म्हणे. आपला आवाज नको, आपल्या आज्या हव्यात म्हणे. आणि ती थांबली.

केली-ॲननं चॉप्सचा ट्रे एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

“मग?” ती म्हणाली. “जाऊ की.”

“खोक्यावर?”

“अगं लोरेन, एप्रिलमध्ये. कार्डिफला. लोक येतात तिथे, रेडिओवाले येतात.” तिचा चेहरा उजळला होता आणि तो झाकायचा ती प्रयत्न करत होती. “आज मला पहिल्यांदा माझं गाणं ऐकू आलं. तुला नाही आवडलं?”

लोरेन यूसुफकडे वळली. “तू ड्रमर आहेस. तू सांग हिला.”

यूसुफनं खांदे उडवले. मला चालेल, तो म्हणाला, खोका हलका आहे, जिना चढवायला बरा. मग तिचा चेहरा बघून त्यानं घाईनं जोडलं, “तू पण ये ना. दोन खोके घेऊ.” ते त्यानं प्रेमानं म्हटलं होतं. त्यामुळे लोरेनला त्याच्यावर चिडताही येईना. रोरी म्हणाला की त्याच्या आजीला त्या प्रार्थनाघरात बसायला आवडेल. तिसऱ्या बँडच्या मुलीनं नुसती मान हलवली, पण होकारार्थी.

राहिला टेरी. लोरेननं त्याच्याकडे बघितलं. तो गिटारचा पट्टा गुंडाळत होता, उगाच पुन्हा पुन्हा, जसा काही तो पट्टा फार लांब होता.

“टेरी?”

“दोनच गाणी आहेत, लो,” तो म्हणाला. वर बघितलं नाही. “मी म्हणेन.”

नेव्ह खाली बघत होता. बिंगोची एक म्हातारी मोठ्यानं विचारत होती की या मोठ्या ढोलाला कुणी हलवणार आहे का, तिला आकड्यांचा फलक दिसत नाहीये. लोरेनला ओरडावंसं वाटलं. तिला टेरीचं नरडं धरावंसं वाटलं, आणि यूसुफला मिठी मारावीशी वाटली, आणि आपल्या फोनमधला तो ‘ड्रम सेट सामाईक’वाला निरोप काढून त्याचे तुकडे करावेसे वाटले, पण फोनचे तुकडे करून काय होणार? तिला सगळ्यात जास्त राग आला तो या गोष्टीचा की त्यांच्यातलं कुणीही चूक नव्हतं. आपण चौघांसाठी मागितलं, चौघांना मिळालं, आणि मागणारीच तेवढी बाहेर राहिली. आता खाली जाऊन तिनं नाही म्हटलं असतं, तर तिचा ढोल वाजला नसताच, वर केली-ॲनचं गाणंही गेलं असतं. तिला ते करायचं होतं. एक क्षणभर तिला ते फार करायचं होतं, आणि हे तिचं तिला कळल्यावर ती जिन्याकडे वळली.

मेलेरी कोट चढवून तयार होती. हातात वही आणि पेन.

“काय म्हणतायत?”

“हो म्हणतायत.”

“चौघंही? तुमचे गायकसुद्धा?”

“तोसुद्धा.”

“आणि तुम्ही?” मेलेरीनं खरंच काळजीनं विचारलं.

वर रॉनीनं पहिला आकडा पुकारला आणि खुर्च्यांचा आवाज थांबला.

“हो लिहा,” लोरेन म्हणाली. “आणि त्याच्या खाली लिहा, ड्रमवालीला राग आलाय.”

मेलेरीला वाटलं ती गंमत करतेय. हसत हसत तिनं वहीत ‘हो’ एवढंच लिहिलं आणि वही मिटली.